हाताला लागलेली गाठ

मागच्या महिन्यातली गोष्ट. आमच्या महिला मंडळाची बैठक संपत आली होती, चहाचे कप फिरत होते. तेवढ्यात मंडळातली एक तरुण सून मोबाइल पुढे करत म्हणाली, 'काकू, हे बघा ना. सासूबाईंच्या रक्ताचा रिपोर्ट मी मोबाइलमध्ये टाकला. त्यातल्या एआयनं सांगितलं, काळजी करण्यासारखं काही नाही म्हणून. मग आता डॉक्टरकडे कशाला न्यायचं? तेवढेच पाचशे रुपये वाचले!'

दुसरी लगेच फणकारली, 'अगं, त्या डब्याला काय कळतंय? आमचे डॉक्टर नुसती नाडी धरली की सगळं सांगतात.'

झालं! दोन तट पडले. एकीकडे 'मशीन चुकत नाही'वाल्या, दुसरीकडे 'अनुभव तो अनुभवच'वाल्या. पाच मिनिटं नुसता कलकलाट. मग सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. दवाखान्याचा विषय निघाला की आमच्याकडे तो शेवटी माझ्याच गळ्यात येतो. गेली पंधरा-सोळा वर्षं मंडळाची आरोग्य शिबिरं मीच बघते ना!

पण त्या दिवशी मला पटकन उत्तर देता आलं नाही. मला आमच्या वन्सं आठवल्या. कारण या दोन्ही तटांत मी राहून आले आहे आणि दोन्हीकडे मार खाल्ला आहे. तीच गोष्ट आज तुम्हाला सांगणार आहे.

आधी सासूबाईंची. २०१४ सालचा श्रावण. त्यांना साखरेचा त्रास होताच. एका सकाळी पूजा करता करता म्हणाल्या, 'पोटात कसंतरी होतंय गं, जीव घाबरा झालाय.' अंगाला दरदरून घाम. आमचे नेहमीचे डॉक्टर म्हणजे घरातलेच एक. तीस वर्षांचा अनुभव, माझ्या दोन्ही मुलांना त्यांनीच लहानाचं मोठं केलं म्हणा ना. त्यांनी तपासलं, म्हणाले, 'पित्त आहे. कालचा उपास बाधला. गोळी देतो, घरी न्या.' माझ्या आग्रहाखातर ईसीजी तेवढा काढायला लावला. ईसीजी काढणारा पोरगा विशीतला. त्यानं कागद फाडला, बघितला आणि मला हळूच बाजूला घेऊन म्हणाला, 'काकू, मशीननं वर काहीतरी गडबड असल्याचं छापलंय. सरांना पुन्हा दाखवा.' मी दाखवलं. डॉक्टर हसले. 'अहो वहिनी, ही मशिनं काहीही छापतात. रोज दहा जणांना घाबरवतात.'

आमच्या ह्यांचं म्हणणं, डॉक्टर सांगताहेत ना, मग झालं. पण माझं मन काही ऐकेना. शेजारच्यांची गाडी मागून घेतली आणि आईंना तडक शहरातल्या दवाखान्यात नेलं. हार्ट अ‍ॅटॅक होता. त्याच रात्री स्टेन्ट टाकला. त्यानंतर सासूबाई सात वर्षं जगल्या, नातीचं लग्न बघून गेल्या. बायकांमध्ये आणि साखरेच्या रुग्णांमध्ये हार्ट अ‍ॅटॅक कधी कधी छातीत न दुखताही येतो. मळमळ, घाम, धाप, जीव घाबरा होणं एवढंच दिसतं आणि ते 'पित्त' म्हणून सोडून दिलं जातं. हे मला त्या दिवशी कळलं. मैत्रिणींनो, तुम्हीही एवढं मात्र पदराला बांधून ठेवा.

त्या दिवसापासून मी मशीनची भक्त झाले! घरात बीपीचं मशीन आलं, साखर तपासायचं आलं. कुणी म्हणालं की 'डॉक्टर असं म्हणाले', की मी विचारायची, 'आणि मशीन काय म्हणालं?' बी.ए.ला मला मानसशास्त्र होतं. तेव्हा आमच्या बाईंनी शिकवलेला पॉल मील नावाचा एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मला आठवला. त्यानं १९५४ साली एक लहानसं पुस्तक लिहून मोठमोठ्या तज्ज्ञांची झोप उडवली होती. कॉलेजात कोण चांगले मार्क मिळवील, सुटलेला कैदी पुन्हा गुन्हा करील का, असे अंदाज तज्ज्ञ आपल्या अनुभवावरून बांधतात. तेच अंदाज ठरावीक माहितीची साधी गणितं मांडून केले तर? मीलनं असे वीसेक अभ्यास शेजारी शेजारी ठेवून बघितले. जवळजवळ सगळीकडे गणित तज्ज्ञाच्या बरोबरीनं तरी उतरलं, नाहीतर सरस ठरलं.

असं का व्हावं? कारण माणूस थकतो. सकाळी नऊ वाजताचा डॉक्टर आणि ऐंशी पेशंट तपासल्यावर दुपारी तीन वाजताचा डॉक्टर, माणूस तोच पण नजर तीच राहत नाही. शिवाय एकदा 'पित्त' हा शब्द मनात आला, की पुढचं सगळं पित्तच दिसायला लागतं. गणिताला ना थकवा ना पूर्वग्रह.

आपल्या सगळ्यांच्या माहितीतलं याचं एक उदाहरण देते. बाळंतपणाच्या फाइलमध्ये बाळाचा 'अपगार स्कोअर' लिहिलेला असतो, बघितलाय कधी? नसेल तर आज कपाटातून फाइल काढून बघा. न्यूयॉर्कमध्ये डॉ. व्हर्जिनिया अपगार नावाच्या भूलतज्ज्ञ होत्या. त्यांनी १९५२ साली ही पद्धत काढली. त्याआधी जन्मलेलं बाळ ठीक आहे की नाही, हे ज्याचा तो आपल्या अंदाजानं ठरवायचा. या बाईंनी सांगितलं, पाचच गोष्टी बघा. बाळाचा रंग, हृदयाचे ठोके, डिवचल्यावर ते तोंड वेडंवाकडं करतं का, हातपायांतला जोर आणि श्वास. प्रत्येकीला शून्य, एक किंवा दोन गुण द्या आणि बेरीज करा. एका मिनिटानं एकदा, पाच मिनिटांनी पुन्हा. बस्स! बेरीज कमी आली की धावपळ करायची, मग समोरच्या डॉक्टरचा अनुभव दोन वर्षांचा असो की वीस. कॉम्प्युटर तर यात कुठेच नाही, आहे तो फक्त नियम. पण हाच नियम पुढे कॉम्प्युटरला शिकवला गेला, एवढंच.

तेही झालं. इंग्लंडमधल्या लीड्स शहरात डॉ. डी डोंबल यांनी १९७२ साली पोटदुखीच्या ३०४ रुग्णांवर प्रयोग केला. दुखणं अपेंडिक्सचं, पित्ताशयाचं की आणखी कशाचं, हे कॉम्प्युटरनं ९१.८ टक्के वेळा बरोबर सांगितलं. तिथल्या ज्येष्ठ डॉक्टरांचं प्रमाण होतं ७९.६ टक्के. पन्नास वर्षांपूर्वीची ही गोष्ट! पण त्यातली एक बाब तेव्हा माझ्या डोक्यात शिरलीच नाही. कॉम्प्युटरला पोट कुठे, कसं, कधीपासून दुखतंय हे सांगत कोण होतं? डॉक्टरच! पोटावर हात ठेवून, प्रश्न विचारून, ठरलेला फॉर्म नीट भरून माणूसच ती माहिती त्याच्या पुढ्यात ठेवत होता.

ही बाब मला कळली ती वन्संच्या वेळी. फार महागात पडून कळली.

वन्सं म्हणजे माझ्या ह्यांच्या थोरल्या बहिणी. आमच्याच तालुक्यात दिल्यात, घरचं खटलं मोठं. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठ्या, पण मला कधी धाकदपटशा म्हणून नाही. २०२३ च्या जानेवारीत आमच्या गावी मॅमोग्राफीची गाडी आली होती. स्तनांचा एक्स-रे काढायचा, तो कॉम्प्युटर वाचणार, मग शहरातले डॉक्टर त्यावर सही करणार, अशी सोय. शिबिर आमच्या मंडळानं भरवलेलं. मी घरोघर फिरून बायका गोळा केल्या आणि वन्संनाही ओढून आणलं.

गाडीत चढण्याआधी एका खोलीत आमच्या गावच्या निवृत्त नर्सबाई बायकांना हातानं तपासत होत्या. पस्तीस वर्षं उपकेंद्रात काढलेल्या. वन्संना तपासून त्या बाहेर आल्या, कागदावर काहीतरी लिहिलं आणि मला म्हणाल्या, 'उजव्या बाजूला काखेकडे गाठ लागतेय. वाटाण्याएवढी. लक्ष ठेवा.'

आठ दिवसांनी रिपोर्ट आले. वन्संच्या रिपोर्टवर इंग्रजीत स्वच्छ छापलेलं की संशयास्पद काही आढळलं नाही. मी आनंदानं फोन केला, 'वन्सं, सुटलात! काही नाही!' त्या तर कधीपासून हेच ऐकायला बसल्या होत्या. 'बघ, मी म्हणतच होते. उगाच धास्ती घातलीत.'

दोन दिवसांनी नर्सबाई वाटेत भेटल्या. मी रिपोर्टचं सांगितलं. त्या म्हणाल्या, 'ताई, मशीनचा रिपोर्ट मशीनपाशी. माझ्या हाताला गाठ लागलीय. सुई घालून बघितल्याशिवाय सोडू नका.'

आणि मी काय म्हणावं? आजही लिहिताना हात थांबतो. मी म्हणाले, 'अहो बाई, एवढं लाखो रुपयांचं मशीन, त्यात कॉम्प्युटर, वर डॉक्टरांची सही. तुमचा-आमचा हात कुठे त्याच्यापुढे?' त्या काही बोलल्या नाहीत. पिशवी सावरली आणि गेल्या.

जूनमध्ये वन्संचाच फोन आला. आवाज अगदी बारीक. 'अगं, ती गाठ आता माझ्या मलाच लागतेय.'

पुढचं सगळं भराभर झालं. शहरात नेलं, सोनोग्राफी, बायोप्सी. कॅन्सर निघाला. दुसरी पायरी. ऑपरेशन झालं, केमो झाली, वन्संचे गुडघ्याला टेकणारे केस गेले. डॉक्टरांना मी एकटीनं गाठून विचारलं, 'जानेवारीत कळलं असतं तर?' ते भले गृहस्थ. म्हणाले, 'पाच महिने लवकर कळलं असतं तर बरंच झालं असतं. किती बरं, ते कुणीच सांगू शकणार नाही. आता पुढचं बघू या.' त्यांनी दिलासाच दिला, पण ते पाच महिने माझ्या नावावर आहेत, हे मला ठाऊक आहे.

मी विचारलं, 'पण मशीननं काही नाही असं कसं सांगितलं?' तेव्हा त्यांनी नीट समजावलं. काही बायकांच्या स्तनांतली पेशींची वीण घट्ट असते. एक्स-रेमध्ये ती पांढरी दिसते आणि गाठही पांढरीच दिसते. पांढऱ्यात पांढरं लपून जातं. मॅमोग्राफीत असे काही कॅन्सर सुटतात, हे डॉक्टरांना आधीपासून माहीत आहे. म्हणून हाताला गाठ लागली असेल तर एकट्या मॅमोग्राफीवर निकाल द्यायचाच नसतो. तपासणी तिहेरी करायची. हातानं तपासणं, फोटो म्हणजे मॅमोग्राफी-सोनोग्राफी, आणि सुईची तपासणी. तिन्हींचं एकमत झालं तरच सुटका. एकीनं जरी वेगळं सांगितलं, तरी शोध पुढे चालू ठेवायचा.

मला एकदम सूप आणि तांदूळ आठवले. पांढऱ्या तांदळात पांढरा खडा नजरेला दिसत नाही, पण बोटाला लागतो! आपल्याला रोज स्वयंपाकघरात ठाऊक असलेली गोष्ट मी कशी विसरले?

घरी येऊन मी त्या शिबिराची फाइल उघडली. नर्सबाईंनी लिहिलेला कागद तिथेच होता. तो मॅमोग्राफीच्या गाडीत गेलाच नव्हता. कॉम्प्युटरला कुणी सांगितलंच नव्हतं की या बाईच्या उजव्या बाजूला गाठ हाताला लागतेय. त्याला फक्त एक चित्र दाखवलं होतं आणि विचारलं होतं, 'या चित्रात काही दिसतंय का?' त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं, 'नाही.' आपण मात्र ऐकलं, 'या बाईला काही नाही.' चित्रात काही नसणं आणि बाईला काही नसणं, या दोन वाक्यांत केवढी मोठी दरी आहे! त्या दरीत वन्संचे पाच महिने पडले.

मग पुन्हा पॉल मील आठवला. त्याच्याच लिखाणातलं एक उदाहरण आमच्या बाईंनी सांगितलं होतं आणि मी ते सोयीस्करपणे विसरले होते. एक माणूस ठरलेल्या वारी न चुकता सिनेमाला जातो. गणित सांगेल, आजही नक्की जाणार. पण तुम्हाला कळलंय की आज सकाळीच त्याचा पाय मोडलाय! मग गणित बाजूला ठेवायचं. कारण गणिताला पायाचं ठाऊकच नाही. मील गणिताच्या बाजूचा, तरी त्यानं ही वाट मोकळी ठेवली. आणि बजावलंही, की ऊठसूट प्रत्येक ठिकाणी 'पाय मोडलाय' म्हणून गणित झुगारू नका. आमच्या डॉक्टरांनी ईसीजीचा कागद झुगारला, तेव्हा त्यांच्याकडे मोडलेला पाय नव्हता, फक्त 'मशिनं काहीही छापतात' एवढा हेका होता. नर्सबाईंकडे मात्र तो होता. त्यांच्या बोटांना जे कळलं, ते मशीनला कळवलेलंच नव्हतं.

वन्संच्या केमोच्या दिवसांत दवाखान्याच्या बाकावर बसून मी खूप वाचलं. लेक शोधून द्यायची, मी वाचायची. तेव्हा कळलं की मशीनवर रागावून घरात बसणंही खरं नाही. स्वीडनमध्ये ८० हजारांहून अधिक बायकांच्या मॅमोग्राफीचा एक मोठा अभ्यास झाला, २०२३ साली त्याचे निष्कर्ष छापून आले. निम्म्या बायकांचे फोटो नेहमीप्रमाणे दोन-दोन डॉक्टरांनी वाचले. निम्म्यांचे आधी कॉम्प्युटरनं बघून कोणत्या फोटोत धोका जास्त वाटतो ते लावून दिलं, मग डॉक्टरांनी वाचले. पहिल्या गटात २०३ बायकांचे कॅन्सर सापडले, दुसऱ्या गटात २४४. आणि डॉक्टरांचं वाचनाचं काम ४४ टक्क्यांनी कमी झालं. आपल्याकडे हे फोटो वाचणारे डॉक्टर तालुक्याला शोधून सापडत नाहीत. तिथे अशी मदत किती मोलाची! पण लक्षात घ्या, तिथे शेवटचा शब्द डॉक्टरचाच होता. कॉम्प्युटर मदतनीस होता.

त्याच वर्षी जर्मनीतल्या संशोधकांनी दुसरी बाजू दाखवली. २७ तज्ज्ञ डॉक्टरांना ५० मॅमोग्राफी वाचायला दिल्या आणि सोबत कॉम्प्युटरचं मत. त्यातली काही मतं मुद्दाम चुकीची दिली होती. काय झालं असेल? कॉम्प्युटर बरोबर होता तेव्हा नवख्या डॉक्टरांचं उत्तर ८० टक्के वेळा बरोबर आलं. कॉम्प्युटर चुकला तेव्हा ते २० टक्क्यांवर घसरलं! बरं, नवख्यांचं सोडा. अगदी अनुभवी डॉक्टरांचंही ८२ वरून ४५ टक्क्यांवर आलं. म्हणजे मशीनचं मत एकदा समोर आलं, की मुरलेल्या तज्ज्ञांचाही स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडतो. हे वाचून माझ्या मनावरचं ओझं थोडंसं हलकं झालं. मी एकटीच मूर्ख नव्हते तर! पण धास्तीही वाटली. कारण त्या रिपोर्टवर 'डॉक्टरांची सही आहे' म्हणून मी निर्धास्त होते. सही करणाऱ्यानं फोटो नव्यानं बघितला होता, की मशीनचं वाचून नुसती मान डोलावली होती?

आणि हाताचं काय? तिसरा अभ्यास आपल्या मुंबईतला आहे, टाटा मेमोरियल हॉस्पिटलचा. १९९८ साली सुरू झाला. वस्त्यांमधल्या दीड लाखाहून अधिक बायका त्यात होत्या. निम्म्यांच्या घरापर्यंत आरोग्यसेविका गेल्या आणि दर दोन वर्षांनी त्यांचे स्तन हातानं तपासले. या सेविका कोण? साध्या शिकलेल्या बायका, पण तपासायचं कसं याचं पद्धतशीर प्रशिक्षण घेतलेल्या. २०२१ साली वीस वर्षांचा हिशेब छापून आला. त्यांच्या तपासणीमुळे कॅन्सर लवकरच्या पायरीवर सापडू लागले, आणि पन्नाशीच्या पुढच्या बायकांमध्ये या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या बायकांमध्ये मृत्यू कमी झाल्याचं दिसलं नाही, हेही त्यांनी मोकळेपणानं सांगितलं. वन्सं तेव्हा बावन्न वर्षांच्या होत्या. मी ज्या हाताला 'कुठे त्याच्यापुढे' म्हणाले, तसल्याच हातांची ही करामत!

दोन्ही वेळच्या गोष्टी मी शेजारी शेजारी ठेवून बघते, तेव्हा एक गोष्ट टोचते. दोन्ही वेळा खरं सांगणारा माणूस मानानं सगळ्यांत खालचा होता. एकदा ईसीजी काढणारा पोरगा, एकदा निवृत्त नर्सबाई. आणि दोन्ही वेळा आम्ही ज्याचं ऐकलं किंवा ऐकायला निघालो, त्यानं आम्हाला हवं तेच सांगितलं होतं. 'काही नाही, घरी जा.' ह्यांना डॉक्टरांचं पटलं, कारण शहरात जाणं नको होतं. वन्संना मशीनचं पटलं, कारण सुई नको होती, खर्च नको होता, घरच्यांना कामाच्या दिवसांत तोशीस नको होती. आपल्याला हवं ते उत्तर जो देतो, तोच आपला तज्ज्ञ! मग तो माणूस असो की मशीन. बायकांच्या बाबतीत तर हे फारच. स्वतःच्या दुखण्यावर 'काही नाही' असा शिक्का मिळाला की आपल्याला सुटल्यासारखं वाटतं. कामाला लागायला मोकळ्या!

याचा अर्थ सदान्‌कदा शंका घेत, दवाखाने पालथे घालत हिंडायचं असा नाही हं. आमच्याच मंडळातल्या एकीला मशीननं संशय दाखवला, पंधरा दिवस तिच्या घरात चूल धड पेटली नाही आणि शेवटी निघालं काहीच नाही. खोटी धास्तीही माणसाला पोखरते, पैसाही जातो. पण तराजूत घालून बघा. 'तपासून घ्या' हे चुकलं तर पंधरा दिवसांची झोप आणि काही हजार रुपये जातात. 'काही नाही' हे चुकलं तर काय जातं, ते मी बघितलंय.

म्हणून आता आमच्या मंडळात कुठलाही रिपोर्ट आला, की आम्ही काही प्रश्न विचारतो. वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलेत. यानं नेमकं काय बघून सांगितलं, बाईला तपासून की नुसता कागद वाचून? आपल्याला ठाऊक असलेलं यापैकी काय त्याला सांगायचं राहिलं? हे चुकलं तर कुणाचं काय जाईल? दुसऱ्या कुणाचं, अगदी साध्या माणसाचंही, वेगळं मत आहे का, आणि ते का आहे? आणि शेवटचा, उद्या काही झालं तर 'मी सांगितलं होतं' असं म्हणून जबाबदारी घ्यायला समोर उभं कोण राहणार? मोबाइल काही राहणार नाही. मशीनच्या मताला किंमत आहेच, पण त्याच्यामागे नावागावाचा माणूस हवा.

शिबिरातही बदल केला. हातानं तपासल्याचा कागद आता रिपोर्टलाच टाचतो. दोन्हींचं जुळलं नाही तर त्या बाईला आम्ही सोडतच नाही. मंडळातलीच कुणीतरी तिच्यासोबत शहरात जाते. आणि तपासायला कोण असतं सांगू? त्याच नर्सबाई! मी त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली, तेव्हा म्हणाल्या, 'ताई, चूक माझीही आहे. मी एकदाच सांगून गप्प बसले. मशीनपुढे माझाही धीर सुटला होता.' आता त्या आशाताईंना आणि आमच्या चार पोरींना हातानं तपासायला शिकवतात.

वन्सं ठीक आहेत. ऑपरेशनला दोन वर्षं उलटून गेली, दर सहा महिन्यांनी दाखवायला जातो. केस परत आलेत, आता खांद्याला टेकतात. एकदाही मला बोल लावला नाही त्यांनी. मीच एकदा विषय काढला तर म्हणाल्या, 'अगं, मला कुठे सुई टोचून घ्यायची होती? तू नाही, मीच त्या मशीनच्या मागे लपले होते.'

राहता राहिली मोबाइलवाली सून. तिला मी एवढंच विचारलं, 'तुझ्या सासूबाई गेल्या महिन्यापासून जिन्यावर दमतात, हे तू त्या मोबाइलला सांगितलंस का?' ती गप्प झाली. म्हणाली, 'ते रिपोर्टमध्ये कुठे होतं, काकू?'

'तेच तर!' मी म्हटलं. 'रिपोर्टमध्ये नसतं ते तुझ्याकडे आहे. रोज त्यांच्याजवळ तू असतेस. तुला जे दिसतंय ते सगळं एका कागदावर लिही, मोबाइलनं काय सांगितलं तेही लिही आणि दोन्ही घेऊन डॉक्टरकडे जा.'

दुसऱ्या दिवशी ती सासूबाईंना घेऊन गेली. जाताना हातात कागद होता, दोन्ही बाजूंनी भरलेला.